दप्तर, धूर आणि चर्चिल

विन्स्टन चर्चिल यांच्या युद्धेतिहासाचा दुसरा खंड, 'देअर फायनेस्ट अवर', १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील वक्तृत्वाची वाखाणणी पुष्कळांनीं केली आहे. शत्रु दाराशीं आला असतां सरकारानें आपल्या कचेऱ्या कशा हलवाव्या, या रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे ग्रंथकार कसा पाहतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

१६ मे १९४० रोजीं ते पॅरिसला गेले. फ्रेंच परराष्ट्रखात्याच्या खिडकींतून त्यांना बागेंत दप्तर जळतांना दिसलें. वयोवृद्ध अधिकारी हातगाड्यांतून कागद आणून आगींत लोटीत होते. राजधानी सोडण्याची तयारी चालली आहे, हें मग कोणीं सांगावयास नको. पुढें जूनमध्यें ब्रिआरच्या वाड्यांत खलबत भरलें, तेथें टेलिफोन एकच, आणि तोहि शौचकूपांत! एक राज्य कसें ढासळतें, हें अशा तपशिलांनीं जितकें कळतें तितकें दहा प्रकरणांनींहि कळलें नसतें.

लंडनचाहि बेत तयार होताच. 'पिवळ्या' हालचालींत कमी निकडीचा नोकरवर्ग राजधानीबाहेर जावयाचा; 'काळ्या' हालचालींत युद्धमंत्रिमंडळ वूस्टरजवळच्या हिंडलिप हॉलमध्यें आणि पार्लमेंट स्ट्रॅटफर्डला. सप्टेंबर १९४० मधील एका टिपणांत चर्चिल बजावतात कीं, मध्य लंडन राहण्यास अशक्य झाल्यावांचून काळे किंवा पिवळे नोकर घाऊक हलवावयाचे नाहींत. राजकारण म्हणून हा निर्णय अचूक होता. ओस पडलेली कचेरी पाहून प्रजेचा धीर सुटतो. पण शब्द पाहा! बेताचा रंग माणसांना लागला आहे. परक्या देशांतील कारकुनाचें वार्धक्य ज्या डोळ्यांना दिसलें, त्यांना घरचा कारकून केवळ रंगानेंच ओळखूं यावा, हें मला या थोर ग्रंथांतील वैगुण्य वाटतें. टिपण घाईंत लिहिलें जातें, हें खरें. इतिहास मात्र सवडीनें लिहिलेला आहे.

आरमारखात्याच्या कांहीं शाखा १९३९ मध्येंच बाथला गेल्या, अन्नखातें १९४० मध्यें कॉल्विन बे या समुद्रकांठच्या गांवीं गेलें. हॉटेलांच्या खोल्यांत टेबलें मांडून तेथें कारभार चालला. बिऱ्हाडें मोडून गेलेल्या त्या नोकरांवर ग्रंथकाराची लेखणी रेंगाळत नाहीं. ती रंगते उत्तर लंडनमधील 'पॅडॉक' या भुयारी ठाण्याच्या वर्णनांत. ३ ऑक्टोबर १९४० रोजीं तेथें मंत्रिमंडळाची बैठक झाली. मंत्र्यांनीं आपापल्या निजण्याच्या व कामाच्या खोल्या पाहिल्या, आनंदांत भोजन केलें आणि सारे पुन्हां व्हाइटहॉलला परतले.