फळ्यावरचे गणित

रायपुरातील आमच्या एका स्नेह्याचा मुलगा पदार्थविज्ञानाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात अडला आहे. ऊष्मागतिकी डोक्यात शिरत नाही. अभ्यासक्रम रेटावा की सोडावा, हे ठरत नाही. वडिलांनी औषध म्हणून त्याच्या हाती डॉ. जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र दिले. साहित्य अकादमीने २०१४ साली गौरविलेला हा ग्रंथ मुलाने आठ दिवसांत संपविला, आणि तो अधिकच खचला. दोष ग्रंथाचा की वैद्याचा, हे पाहण्यासाठी आम्ही तो पुन्हा वाचला.

ग्रंथ उत्तम आहे. भाषा स्वच्छ, निवेदन निगर्वी. मुलूख सोडून नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींस बनारसचा भाग विशेष जवळचा वाटेल: वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि हिंदी वस्तीत नांदणारे मराठी घर. त्या घरात एक फळा होता. मोरूमामा हुजूरबाजार त्यावर भाच्यासाठी आव्हानाचे गणित लिहीत, आणि ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानून उत्तर विचारीपर्यंत पुसले जात नसे. १९५९ची रँग्लर पदवी आणि १९६०चे टायसन पदक यांहून आम्हांस हा फळा मोलाचा वाटतो. तेथे हार मानण्यात लाज नव्हती, घाईही नव्हती. आमच्या स्नेह्याच्या मुलाचे गणित सहामाही संपताच पुसले जाते, सुटो वा न सुटो!

मात्र या चरित्रातील शंका विश्वाविषयीची आहे. पेन्झियस व विल्सन यांनी १९६५मध्ये सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण जाहीर केल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या मताकडे वळले. नारळीकरांनी पर्यायाचा शोध सोडला नाही, आणि १९९३ साली हॉइल व बर्बिज यांच्यासह तो नव्या रूपात मांडला. लोकमान्य सिद्धांतावर शंका घेण्याची छाती येथे आहे. स्वतःच्या कुवतीवरची शंका आम्हांस फारशी आढळली नाही. हा लेखकाचा अपराध नव्हे. वाचकाच्या समाधानासाठी ती ओढूनताणून आणली असती, तर ग्रंथ बिघडला असता. परंतु जिला भिऊन मुलगा रात्री जागतो, त्या शंकेला येथे सोबत मिळत नाही; एवढे वडिलांनी ओळखावयास हवे होते.

महाराष्ट्र मंडळात मुलगा भेटला, तेव्हा आम्ही त्यास विचारले, “न सुटलेले गणित मनात घोळते, की नुसते गुण?”

थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “दोन्ही, काका. पण गणित आधी.”