‘बेपत्ता’ : वीरस्मरणाच्या परिभाषेतील एक रिक्त स्थान

नाशिक शहरातील एका विस्तीर्ण क्रीडांगणास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले आहे. डिसेंबर १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळी घालून पुढील वर्षी फासावर गेलेल्या या तरुणाच्या नावापूर्वी जे पद लागते, ते मराठीत रूढ करण्याचे श्रेय याच जिल्ह्यातील भगूर येथे जन्मलेल्या वि. दा. सावरकरांना देण्यात येते. भगूरच्या शेजारीच देवळालीची छावणी व तेथील तोफखान्याची शाळा आहे. वीरस्मरणाच्या मराठी परिभाषेचा विचार आरंभावयास याहून उचित स्थळ क्वचितच सापडेल.

ही परिभाषा संपन्न आहे यात शंका नाही. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. तेव्हा ‘हुतात्मा’ या शब्दात मरण हा यज्ञ ठरतो. ‘धारातीर्थी पडणे’ या प्रयोगात शस्त्राची धार हेच तीर्थ होते. बखरींना प्रिय असलेला ‘कामी येणे’ हा प्रयोग सर्वांत साधा आणि कदाचित सर्वांत थोर. त्यात स्तुतीचे एक अक्षरही नाही. ‘शहीद’ हा अरबी शब्द मुळात साक्षीदाराचा वाचक. वृत्तपत्रांनी तो सर्रास स्वीकारला असला, तरी भारतीय सेनेच्या अधिकृत परिभाषेत त्याला स्थान नाही. ‘वीरगळ’ हा शब्द कन्नडातून आला. त्यातील ‘गळ’ म्हणजे ‘कल्लु’, दगड. खालच्या चौकटीत युद्ध, तिच्यावर अप्सरांनी उचलून नेलेला वीर, त्याहून वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा त्याचा सामान्य क्रम असतो. पण या साऱ्या शब्दांना व शिल्पांना एक अट आहे. मरण घडले, हे निश्चित असावे लागते. ज्याचा देह हाती आला नाही, ज्याला पडताना कोणी पाहिले नाही, त्याच्यासाठी मराठीपाशी उरतो तो एकच शब्द : ‘बेपत्ता’.

फारसी नकारार्थक ‘बे’ आणि ‘पत्ता’ यांच्या संयोगाने झालेला हा शब्द कचेरीचा आहे. घर सोडून गेलेला मुलगा, गुन्हा करून पसार झालेला आरोपी आणि गस्तीवर गेलेला शिपाई, तिघांनाही तो सारखाच लागतो. शिवाय ‘सैनिक बेपत्ता झाला’ या वाक्यात कर्ता सैनिकच; जणू नाहीसे होणे ही त्यानेच केलेली क्रिया. शोध घेणारांचे अपयश या रचनेत कोठेही उमटत नाही.

ही उणीव आजची नव्हे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतच्या गर्दीत दिसेनासे झाले. त्यांच्या मृत्यूच्या वार्ता आल्या, तरी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणविणारा एक इसम उभा राहिला, त्याच्याभोवती माणसेही जमली आणि १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाचा विषय तोच. जो परतला नाही त्याच्यासाठी शब्द न घडविणाऱ्या भाषेत, खोटाच परतून आला त्याच्यासाठी मात्र ‘तोतया’ हा शब्द घरोघर पोहोचला, ही गोष्ट चमत्कारिक खरी.

पार्वतीबाईंची अडचण आजही व्याकरणातून सुटलेली नाही. मराठीत विवाहित स्त्रीच्या नावापूर्वीची उपाधी पतीच्या हयातीची ग्वाही देते : ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’. ‘श्रीमती’ तटस्थ म्हणावी, तर रूढीने तिलाही वैधव्याचीच छाया दिली आहे. १९६५ व १९७१ च्या युद्धांतील ५४ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या कैदेत असावेत, अशी भारताची भूमिका राहिली. पाकिस्तानने ती मान्य केली नाही. सिमला करारानंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी बंदी स्वदेशी गेले. हे ५४ आले नाहीत. २००७ मध्ये काही कुटुंबीय पाकिस्तानातील तुरुंग पाहून रिकाम्या हाती परतले. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे नाव त्या यादीत आहे. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनमधील अर्जुन पुरस्काराच्या मानकरी दमयंती तांबे, यांनी हा प्रश्न कित्येक दशके लावून धरला. अशा नावांपूर्वी समारंभाच्या सोयीसाठी ‘शहीद’ लावणे हा गौरव नव्हे. कुटुंबाने मिटविला नसलेला प्रश्न वक्त्याने परस्पर मिटविणे होय.

उलट बाजूचा अन्यायही नोंदविला पाहिजे. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. एप्रिल १९१६ मध्ये कूत येथे शरणागती झाली. त्या मोहिमेत ज्यांची थडगी अज्ञात राहिली, अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्यांची नावे कोरली, हिंदी अंमलदारांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या. फ्रान्समध्ये नव्ह-शापेल येथे १९२७ साली ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरता आली होती, तेव्हा दगड अपुरा पडला ही सबब चालण्याजोगी नाही. संबंधित आयोगाने ही विषमता २०२१ मध्ये मान्य केली.

या बाबतीत त्र्यंबकेश्वरची परंपरा अधिक चोख दिसते. बारा वर्षे वाट पाहून, देह न मिळालेल्याची पळसाच्या पानांची प्रतिकृती करावी व तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी सांगितला आहे. (१८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षांची मुदत घातली, २०२३ च्या अधिनियमाने ती कायम ठेवली.) या विधीत नाव व गोत्र उच्चारावेच लागते. संख्येला पिंड देता येत नाही.

स्मारकांवरील मजकूर रचणारांनी म्हणूनच विशेषणांचा मोह टाळून क्रियापदाकडे वळावे. नाव, पलटण, अखेरचे दिसल्याचे ठिकाण व दिनांक, आणि त्यापुढे ‘परतले नाहीत’ एवढे मराठीला पुरेसे आहे. त्याआधी ‘अद्याप’ हे क्रियाविशेषण घालावे की गाळावे, हे मात्र घरच्या माणसांना विचारल्यावाचून ठरवू नये.