कुलचिन्हांकित चिनी पोर्सेलीन : मालकाची ओळख आणि कारागिराचे मौन

प्रास्ताविक

चारठाणा (जि. परभणी) येथील मध्ययुगीन मंदिरांचे स्तंभ पाहताना आश्रयदात्या राजवटीची चर्चा प्रथम होते, घडविणाऱ्या हातांची बहुधा होतच नाही. कुलचिन्हांकित चिनी पोर्सेलीनच्या समीक्षेत हीच रीत अधिक ठळकपणे दिसते. सर जमशेदजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांचे कुलचिन्ह असलेल्या कँटनच्या भोजनपात्रांच्या आधारे प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

विवेचन

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाच्या चिन्हांपासून ही परंपरा सुरू होते. अठराव्या शतकात जिंगदेजेन येथे भाजलेली पांढरी भांडी कँटनला येत व तेथे ग्राहकाने पाठविलेल्या नमुन्याबरहुकूम रंगविली जात. नमुन्यावर लिहिलेल्या सूचनाही चित्राचाच भाग समजून भांड्यावर उतरविल्याची उदाहरणे आहेत. डेव्हिड हॉवर्ड यांच्या १९७४ च्या बृहद्ग्रंथाने कुलचिन्हांवरून कालनिश्चितीची वाट रुंद केली, हे ऋण मान्यच आहे. मात्र या पद्धतीत भांडे हे वंशावळीचे परिशिष्ट ठरते आणि वरील चुका केवळ गमतीचा विषय होतात. वस्तुतः त्या अनामिक चित्रकाराच्या अस्तित्वाची ती खूण होय.

जीजीभाईंच्या ढालीवर वरच्या भागात दोन मधमाश्या आहेत, तर खाली घाटातील डोंगरांवर उगवणारा सूर्य आहे. ब्रीदाचा आशय ‘उद्योग आणि औदार्य’ असा. चौकट युरोपीय, डोंगर सह्याद्रीचे, कुंचला कँटनचा! या संगमाचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. परंतु जीजीभाईंच्या चीन-व्यापारात कापसाबरोबर माळव्याची अफूही होती. त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला ते १८४२ हे वर्ष पहिल्या अफूयुद्धाचा शेवट करणाऱ्या नानकिंग तहाचेही आहे. औदार्य खोटे नव्हते. मुंबईतील रुग्णालय आणि १८५७ मध्ये सुरू झालेली कलाशाळा त्याची साक्ष देतात. तथापि ज्या देशात ती अफू उतरली, त्याच देशातील कारागिराने उद्योगाचे प्रतीक म्हणून त्या मधमाश्या रंगविल्या, हा विरोध सौंदर्यचर्चेने झाकता येत नाही.

निष्कर्ष

कुलचिन्ह वस्तूचा मालक सांगते, वस्तूचा इतिहास नव्हे. म्हणून संग्रहालयातील परिचयपट्टीवर घराण्याच्या नावासोबत निर्मितीस्थान, रंगकामाची प्रक्रिया आणि खरेदीमागील व्यापार यांचीही नोंद असावी. चारठाण्याच्या स्तंभांपुढे विद्यार्थ्यांना उभे करतानाही आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे : हे कोणाचे, एवढेच नव्हे, तर हे कोणी घडविले?