‘कॅप्टॉन गुंडाळून चिकटवला’ म्हणजे पद्धत झाली का?

मिलीकेल्विन तापमानावरचे पेपर वाचायला लागलात की या अर्थाचं एक वाक्य हमखास भेटतं: कॅप्टॉनची फिल्म गुंडाळली, स्टायकास्टने चिकटवली, नळी तयार. बस्स, पुढे थेट निकाल. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

फिल्म का वापरली, ते सगळे नीट लिहितात. चुंबकीय क्षेत्र बदललं की धातूच्या भांड्यात एडी करंट येतात, भांडं तापतं. प्लास्टिकमध्ये ती भानगड नाही. पण नळी कशी केली? थर किती? फिल्म आधी घासली होती का? खोलीच्या तापमानापासून 4 केल्विनपर्यंत तांबं साधारण 0.3 टक्के आकसतं, भरण नसलेलं इपॉक्सी 1 टक्क्याहून जास्त. म्हणजे प्लास्टिक तांब्याच्या बाहेरून बसवलं तर ते घट्ट आवळतं, आतून बसवलं तर सुटू पाहतं. चित्रात हे कळतच नाही.

सगळ्यात खटकतं ते ‘लीक नाही’. कुठल्या तापमानाला? खोलीच्या तापमानाला हेलियम या फिल्ममधून चक्क झिरपतो. डिटेक्टरचा आकडा हळूहळू चढत राहतो आणि नवखा माणूस चांगला सांधा फोडून बसतो. मीही फोडलाय, दोनदा! थंड केल्यावर झिरपणं जवळजवळ थांबतं. भेग असेल तर ती गळतच राहते. शिवाय भेगेवर हेलियम फवारला की आकडा लगेच उडी मारतो. एवढं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या.

असा पेपर हातात आला तर आधी पुरवणी मजकूर उघडा. तिथेही नसेल तर सरळ लेखकांना मेल टाका.