अडकलेले दहा टक्के

सोलापुरात वालचंद हिराचंदांचं नाव रोज उच्चारलं जातं, पण ते कॉलेजचं नाव म्हणून. ‘वालचंदला नंबर लागला’ म्हणणाऱ्या पोराच्या डोळ्यांपुढे इमारत असते, माणूस नसतो. बोट तर नसतेच. नाही म्हणायला ५ एप्रिलला, राष्ट्रीय सागरी दिनी, वर्तमानपत्रात एखादी चौकट येते. १९१९ साली याच तारखेला ‘एसएस लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, परक्यांच्या मक्तेदारीला आव्हान मिळालं, वगैरे. देशाभिमानाचा हा पदर खोटा नाही. पण मला या गोष्टीतला रस दुसरीकडे सापडतो. वालचंदांनी भागीदारांसह काढलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची कथा बोटींपेक्षा गिऱ्हाइकांची अधिक आहे, आणि तिच्यातला खलनायक कुणी गोरा लॉर्ड नसून एक कागदी योजना आहे. योजना कसली, कावाच तो. पण असा घोटीव की दाद द्यावी लागते.

तिचं नाव ‘डिफर्ड रिबेट’. कलकत्त्याच्या मार्गावरच्या ब्रिटिश बोटकंपन्यांनी १८७५ मध्ये आपला संघ केला, त्याला ‘कॉन्फरन्स’ म्हणत. आणि १८७७ पासून ही सूट लागू केली. वरून पाहिलं तर गिऱ्हाइकाचं भलंच. माल आमच्याच बोटींनी पाठवा, भाड्यातले बहुधा दहा टक्के परत घ्या. आता जरा सावकाश वाचू. एक व्यापारी महिन्याला हजार रुपये भाडं भरतो असं धरा. जानेवारी ते जून सहा हजार झाले, सूट झाली सहाशे. ती जुलैत हातात पडते का? नाही. ती आणखी सहा महिने कंपनीकडेच राहते आणि त्या सहा महिन्यांतही व्यापाऱ्यानं बाहेरच्या बोटीला एक गाठोडंसुद्धा दिलेलं नसेल, तरच डिसेंबरअखेर मिळते. तोवर जुलै ते डिसेंबरचे आणखी सहाशे साठलेले असतात, आणि ते पुढच्या जूनपर्यंत अडकलेले. म्हणजे धंदा सुरू आहे तोवर हिशोब कधीच पूर्ण मिटत नाही. मोकळं व्हायचं तर निदान सहाशे रुपयांवर पाणी सोडून.

ऊसतोडीची उचल सोलापूर जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. गडी मुकादमाकडून आधी पैसे घेतो आणि हंगामभर बांधला जातो. इथे व्यापारी घेत काहीच नाही. स्वतःचे पैसे देऊन बांधला जातो, वर सूट मिळाल्याचं समाधान. सक्ती नाही, दंड नाही, कोर्टकचेरी नाही. दुसऱ्याच्या बोटीनं माल पाठवलात, तर तुम्ही फक्त ‘सवलतीस पात्र’ राहत नाही. इतक्या सभ्य भाषेत इतकी पक्की गाठ मी क्वचितच पाहिली आहे. लंडनमध्ये १९०६ ते १९०९ या काळात एका शाही आयोगानं या प्रकाराची चौकशी केली, आणि बहुमतानं तो बंद करण्याइतका वाईट मानला नाही. अमेरिकेनं मात्र १९१६ च्या नौवहन कायद्यानं अशा रिबेटवर सरळ बंदी घातली.

या गाठीपुढे वालचंदांच्या आधी दोन मोठी माणसं हरली होती. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जपानी कंपनीच्या साथीनं चीन-जपानला जाणाऱ्या सुताच्या वाहतुकीसाठी स्वतःची बोटसेवा काढली. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीनं भाडी जवळजवळ फुकटावर आणली, आणि ज्या गिरणीमालकांसाठी टाटांनी हा उपद्व्याप केला तेच एकेक करून पलीकडे गेले. तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळैंनी १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली, तर समोरच्या ब्रिटिश कंपनीनं तिकीट उतरवत उतरवत फुकट केलं आणि वर छत्री भेट दिली म्हणतात. छत्री घेणाऱ्याला मी दोष देत नाही. गरीब प्रवाशाला देशाभिमानाचं तिकीट किती दिवस परवडणार? टाटांचे गिरणीमालक गरीब नव्हते, एवढाच फरक.

हे सगळं माहीत असताना सोलापूरचा एक रेल्वे-कंत्राटदार बोट विकत घेतो. बार्शी लाइट रेल्वेच्या कामात लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत घडलेला हा माणूस. मातीकाम, बोगदे, रूळ हा त्याचा अभ्यास. बोट विकाऊ असल्याचं वालचंदांना कळलं ते आगगाडीत, एका इंग्रज सहप्रवाशाकडून. बोटही काही मालवाहू नव्हती. कॅनडाच्या किनाऱ्यावरून जपान-हाँगकाँगला टपाल आणि प्रवासी नेणारी ती १८९१ ची पांढरी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी १९१४ च्या युद्धात ती घेऊन इस्पितळ-जहाज केली आणि ‘लॉयल्टी’ नाव दिलं, ते ब्रिटिश साम्राज्यावरच्या निष्ठेचं. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ती घेतली. २७ मार्च १९१९ ला कंपनी नोंदवली, विकणाऱ्याचंच आडनाव तिला लावलं, आणि दहा दिवसांच्या आत बोट लंडनच्या वाटेला लावली. वालचंद स्वतः बोटीवर होते. गिऱ्हाईक आणि माल जमवायला दहा दिवस! व्यापारी म्हणून ही घिसाडघाईच होती. कोळसा खाणारी, अठ्ठावीस वर्षांची, कमी मालाची जुनी प्रवासी बोट हे मालवाहतुकीचं साधनही नव्हे.

पण या चार नावांकडे जरा थांबून पाहावं. किलाचंद कापसाचे व्यापारी. नरोत्तम हे मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव, म्हणजे सोलापूरची १८७७ ची ‘जुनी गिरणी’ ज्या घराण्यानं उभी केली त्या घराण्याचे. वालचंदांच्या घरचा धंदाही सोलापुरात कापसाचा आणि पेढीचा. म्हणजे बोटीचे मालक हे मुळात बोटीचं गिऱ्हाईक होते. कापूस, सूत, कोळसा यांच्या भाड्यापायी पिढ्यान्‌पिढ्या पैसे मोजलेली ही घरं काउंटरच्या पलीकडे जाऊन बसली. साडेचार कोटींच्या भांडवलाची कंपनी काढून शेअर बाजारात आणले, त्यामागचं गणितही हेच दिसतं: माल पाठवणाऱ्यालाच भागीदार करा, म्हणजे त्याला बांधायला रिबेट लागणार नाही. टाटांच्या पराभवातून कुणी काही शिकलं असेल, तर ते हे.

पुरेसं शिकले का? मला वाटतं, अर्धंच. भागधारक सभेला येतो तेव्हा देशाचा असतो. कोळशाचं भाडं ठरवायला बसतो तेव्हा आपल्या गिरणीचा. ब्रह्मदेशाचा तांदूळ आणि कलकत्त्याचा कोळसा यांवर सिंदियाच्या बोटी चालू लागताच लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीनं भाडी पाडली. १९२३ साली सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला: एकूण जहाजं ७५ हजार टनांपर्यंत, वाहतूक फक्त किनाऱ्याची, प्रवासी घ्यायचे नाहीत. म्हणजे ज्या मुंबई-लंडन मार्गावर कंपनी जन्मली, तोच तिला बंद. त्याच वर्षी ‘लॉयल्टी’ मुंबईत मोडीत निघाली. सागरी दिनाच्या चौकटीत हे वाक्य मला कधी आढळलं नाही.

तरी टाटा आणि चिदंबरम यांच्या कंपन्या बुडाल्या, ही तगली. नरोत्तम मोरारजी १९२९ मध्ये गेल्यावर वालचंद अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत राहिले. कंपनीशी निगडित साराभाई हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. दर पाडायच्या लढाईत आपण मरणार हे ओळखून लढाईच कायद्याच्या मैदानात नेली; माझ्या मते सिंदियाची सर्वांत हुशार चाल हीच.

गिऱ्हाईक असं डळमळीत असताना बोटीवरची माणसं सिंदियानं कशी धरली, हे पाहण्याजोगं आहे. त्या काळच्या बोटीवर एक गावच असे. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणी, खलाशी, कोठीवर कसाब, खाली आगवाले आणि तेलवाले, स्वयंपाकाला भंडारी. डेकचे लोक बहुतेक रत्नागिरीकडचे, सलूनचे गोव्याचे. भरती सारंगामार्फत, म्हणून बोटीवर एकाच वाडीतले मामा-भाचे सापडत. गोव्याची माणसं दोन फेऱ्यांच्या मध्ये धोबीतलावच्या आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, उतरत. हे गाव ब्रिटिश बोटींवरही होतं. फरक वरच्या मजल्यावर होता: तिथे भारतीय अधिकारी चढतच नव्हता. १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलांना सिंदियाच्या बोटींवर उमेदवारी मिळू लागली. बाहेर दारं बंद असलेल्या पोराला ज्या कंपनीनं ब्रिजवर उभं केलं, तिला त्याच्या निष्ठेसाठी दहा टक्के अडकवून ठेवावे लागत नाहीत.

विशाखापट्टणमला १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कंपनीच्या जहाजबांधणी आवाराची कोनशिला बसली. १९४८ मध्ये नेहरूंनी ‘जल उषा’ पाण्यात सोडली. आवार पुढे सरकारकडे गेलं, पण तिथल्या वस्तीला लोक अजून ‘सिंधिया’च म्हणतात. कोकणातही असंच झालं होतं. स्वदेशीच्या काळात निघालेल्या तिथल्या सहकारी बोटकंपनीचं लांबलचक इंग्रजी नाव कुणी घेत नसे. ती होती ‘माझी आगबोट कंपनी’. जाहिरातीवर कितीही पैसे ओतले तरी असं नाव विकत मिळत नाही. सिंदियाच्या गिऱ्हाइकांनी तिला कधी ‘माझी’ म्हटल्याचं दिसत नाही. म्हटलं असेल तर एका संन्याशानं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये सत्तरीला टेकलेले भक्तिवेदान्त स्वामी कलकत्त्याहून ‘जलदूत’ या मालवाहू बोटीनं अमेरिकेला गेले. सिंदियाच्या सुमती मोरारजींनी त्यांना फुकट तिकीट दिलं होतं. पुढे या स्वामींनीच इस्कॉन स्थापन केली.

स्वातंत्र्यानंतर सिंदियाही कॉन्फरन्समध्ये जाऊन बसली. काल बाहेर उभी असलेली कंपनी टेबलाशी आली, आणि रिबेटचा कागद तिच्याही बाजूला आला. मला याचा राग येत नाही. धंद्यात प्रवेश मिळाला की दार आतून लावायचा मोह होतोच. पण वालचंदांचं मोठेपण सांगताना हा भाग गाळू नये. गाळला की उरतो तो पुतळा, आणि पुतळ्याकडून व्यापार शिकता येत नाही.

आज सोलापूरचा टॉवेल कंटेनरमध्ये बसून न्हावा-शेव्याहून परदेशी जातो. भाडं कुणाच्या हातात आहे, बुकिंग मिळालेली बोट ऐन वेळी का सुटते, पुढच्या बोटीसाठी फॉरवर्डर कुणाचं नाव आधी घेतो, हे इथल्या कारखानदाराला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या मुलांना मात्र कॉलेजात वालचंदांचा फोटो दिसतो, हिशोब दिसत नाही. वालचंदांच्या नावाच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. येत्या ५ एप्रिलला हार-भाषणं आटोपल्यावर वाणिज्याच्या वर्गात रिबेटचं ते सहाशे रुपयांचं गणित फळ्यावर मांडा, आणि पोरांना विचारा: तुम्ही गिरणीमालक असता, तर माल कुणाच्या बोटीत चढवला असता?