दोन चक्रं, तीन छिद्रं

फुलंब्रीहून अजिंठ्याकडे जाताना, श्रावणात रस्त्यालगतच्या सोयाबीनमध्ये शिरावं. काळ्या रानातल्या गच्च हिरव्या ओळींत एखादंच पान मान टाकून लोंबत असतं. त्याचा देठ डोळ्यांजवळ धरा. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर अंतरावर दोन बारीक वलयं कोरलेली दिसतील. ती कोरणाऱ्या किड्याला शेतकऱ्यांनी रंगावरून नव्हे, त्याच्या या कामावरून नाव दिलं: चक्रीभुंगा. इतकं नेमकं नाव फार थोड्या किड्यांना लाभलं आहे.

भुंगा जेमतेम ७ ते १० मिलिमीटरचा. डोकं आणि छाती तांबूस-नारिंगी, पंखांची कवचं मागे काळवंडत गेलेली. अंगाइतक्या लांब, काळसर शृंगिका हा याच्या कुळाचा दागिना. पण मी आधी तोंड पाहतो. चेहरा सपाट, भिंतीसारखा उभा. त्यामुळे जबडे थेट खाली वळतात. देठावर बसल्या बसल्या कोरायला याहून सोयीची ठेवण सुचत नाही.

खरी करामत मादीची. ती देठाभोवती, कधी फांदीभोवती किंवा खोडाभोवती, फिरत साल कुरतडते आणि दोन्ही चक्रं पुरी करते. देठ तुटून पडत नाही, रसाचा ओघ मात्र खुंटतो. मग खालच्या चक्रापाशी ती तीन छिद्रं पाडते आणि त्यांतल्या एकातून आतल्या भेंडात फिकट पिवळं, लांबोडकं अंडं सोडते. देठ जाड किती, कापायचा किती, हे सगळं पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीत, कुठल्याही मोजपट्टीशिवाय. काप जरा खोल गेला, तर अंड्यासकट घरच जमिनीवर यायचं. हा हात कुठे थांबतो, ते पाहत राहावं.

अळीला पाय नसतात. अंगावरच्या फुगवट्यांचा टेकू घेत ती भेंड पोखरत खाली सरकते. वाढ पुरी झाली, की जमिनीपासून १५ ते २५ सेंटीमीटरवर झाड आतूनच कापते, पोकळीत भुशाचं बूच मारते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत निजून राहते. भरल्या शेंगांचं झाड असं आडवं झालं, की पोटात कालवतं. तरी तो काप बोटाने चाचपल्याशिवाय मला राहवत नाही. आत बसून, अंधारात, इतका गोल काप!

सोयाबीन इथे अलीकडचं. भुंगा मात्र मूग, उडीद, चवळीवरही पोसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला साधा आहे: सुकलेला देठ चक्राच्या खालून तोडा, अळीसकट नष्ट करा. म्हणजे किड्याने कोरलेली खूण शेतकऱ्यालाही वाचता यायला हवी. खुरपणीला आलेल्या बाया ती ओळीतून चालता चालता वाचतात, देठ खुडून ओटीत टाकतात.

त्यातलाच एक मी नखाने उभा चिरला. भेंडात अंडं होतं, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, सालीला कुठेही न टेकलेलं.