‘हाय इम्पॅक्ट’ म्हणजे नेमकं किती? विंडोजच्या स्टार्टअप यादीची चिकित्सा

कॉम्प्युटर सुरू होताना एखादा प्रोग्रॅम आपोआप उघडू नये असं वाटत असेल, तर विंडोजमध्ये त्याचा मार्ग सोपा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबायची, टास्क मॅनेजर उघडला की ‘स्टार्टअप’वर जायचं, नको त्या नावावर राइट क्लिक करायचं आणि ‘डिसेबल’ निवडायचं. झालं! एवढ्यासाठी लेख लिहायची गरज नाही.

लेख लिहायचाय तो त्या यादीबद्दल. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावापुढे ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असा एक रकाना असतो आणि त्यात ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा शेरा असतो. आपण तो शेरा वाचतो, ‘हाय’ दिसलं की बंद करतो, ‘लो’ दिसलं की सोडून देतो. हा शेरा कुणी, कशावरून दिला, हे विचारत नाही. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी मात्र हे विचारायची सवय लावून घ्यायला हवी, कारण पुढची काही वर्षं आपलं कामच हे आहे: समोर आलेल्या आकड्याला किंवा शेऱ्याला ‘तू कसा तयार झालास?’ असं विचारणं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: ही यादी सोय म्हणून चांगली आहे, मोजमाप म्हणून ढोबळ आहे, आणि तुमची परवानगी घेण्याच्या बाबतीत ती फार उशिरा येते.

आधी चांगलं काय ते सांगतो. २०१२ मध्ये विंडोज ८ येईपर्यंत हे काम करायला ‘एमएसकॉन्फिग’ नावाचं साधन उघडावं लागे. ते मुळात बिघाड शोधण्यासाठी होतं आणि नवख्या माणसाला घाबरवून सोडायचं. विंडोज ८ ने ही यादी टास्क मॅनेजरमध्ये आणली, २०१८ पासून विंडोज १० च्या सेटिंग्जमध्येही ती दिसू लागली. शिवाय ‘डिसेबल’ केल्याने काही पुसलं जात नाही. प्रोग्रॅमची मूळ नोंद तशीच राहते, फक्त ‘ही चालवू नकोस’ अशी खूण वेगळ्या जागी होते. त्यामुळे चूक झालीच तर ‘एनेबल’ करून परत येता येतं. प्रयोग करून बघायला ही मोठी सोय आहे.

आता शेऱ्याकडे येऊ. मायक्रोसॉफ्टची व्याख्या अशी आहे: सुरू होताना ज्या प्रोग्रॅमने सीपीयूचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला, किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त देवघेव केली, तो ‘हाय’. सीपीयूचा वेळ ३०० मिलिसेकंद ते १ सेकंद, किंवा डिस्कची देवघेव ३०० केबी ते ३ एमबी असेल तर ‘मीडियम’. दोन्ही बाबतींत त्याहून कमी असेल तर ‘लो’.

व्याख्या कळली की तिच्या फटीही दिसतात. सीपीयूचे २९९ मिलिसेकंद घेणारा ‘लो’ आणि ३०१ घेणारा ‘मीडियम’. फरक दोन मिलिसेकंदांचा, शेरा मात्र वेगळा. उलट १.१ सेकंद घेणारा आणि २० सेकंद घेणारा, दोघेही ‘हाय’. सलग मोजता येणाऱ्या राशीचे तीन डबे केले की असं होणारच. गुणपत्रिकेत ३४ आणि ३५ गुणांमध्ये जे होतं, तेच इथे होतं. पुढे तुम्ही स्वतःच्या डेटाचे ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ असे गट पाडाल तेव्हा हे लक्षात ठेवा. गट पाडणं चूक नाही, पण मूळ आकडे जपून ठेवायला हवेत आणि सीमा कुठे व का आखली ते लिहायला हवं.

गंमत म्हणजे मूळ आकडे विंडोजकडेही असतात. त्याच यादीच्या शीर्षकाच्या पट्टीवर राइट क्लिक केलंत तर ‘सीपीयू ॲट स्टार्टअप’ आणि ‘डिस्क आयओ ॲट स्टार्टअप’ असे दोन रकाने जोडता येतात. त्यात शेऱ्यामागचे खरे आकडे दिसतात. म्हणजे माहिती आहे, पण दर्शनी शेरा ठेवलाय आणि आकडे आत ठेवलेत. माझा पहिला आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप सीमारेषेवर. डिस्कसाठी ३ एमबी ही सीमा सगळ्या मशिनांना सारखीच. पण ३ एमबी वाचायला किती वेळ लागतो? एक साधं गणित करू. समजा हे ३ एमबी ४ केबीच्या तुकड्यांत, डिस्कवर विखुरलेले आहेत. म्हणजे ७६८ तुकडे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला अर्धा फेरा घ्यायला सुमारे ४ मिलिसेकंद लागतात, त्यात हेड योग्य जागी न्यायला ८ मिलिसेकंद धरू. एकूण १२ मिलिसेकंद दर तुकड्याला. ७६८ तुकड्यांना ९ सेकंदांच्या वर. एसएसडीवर दर तुकड्याला ०.१ मिलिसेकंद धरला तर तेच काम ०.०८ सेकंदात होतं. प्रत्यक्षात विंडोज आधीच काही भाग वाचून ठेवण्यासारख्या युक्त्या करते, त्यामुळे हे टोकाचं चित्र आहे हे मान्य. पण मुद्दा कळतो: एकच शेरा दोन मशिनांवर शंभरपट वेगळा अर्थ सांगू शकतो. डिपार्टमेंटच्या लॅबमधल्या जुन्या, हार्ड डिस्कवाल्या पीसीवर ‘मीडियम’ दिसणारा प्रोग्रॅमही नकोसा होतो तो यामुळे.

तिसरी गोष्ट, शेऱ्यात काय मोजलेलंच नाही. मेमरी नाही. इंटरनेटचा वापर नाही. सुरुवातीची गर्दी ओसरल्यावर तो प्रोग्रॅम दिवसभर मागे बसून काय करतो, तेही नाही. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर खरी अडचण बहुतेकदा मेमरीची असते. सुरू होताना ‘लो’ असलेला प्रोग्रॅम नंतर दिवसभर मेमरी अडवून बसला, तरी त्याचा शेरा ‘लो’च राहणार. त्यात शेऱ्याचं काही चुकत नाही, आपण त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो.

असाच घोटाळा ‘लास्ट बायोस टाइम’ या आकड्याचा. तो याच पानावर वरच्या कोपऱ्यात असतो. बरेच जण हा कॉम्प्युटर सुरू व्हायला लागलेला वेळ समजतात. खरं तर विंडोज सुरू व्हायच्या आधी मदरबोर्डच्या फर्मवेअरने घेतलेला तो वेळ आहे. खालच्या यादीतलं सगळं बंद केलं तरी या आकड्यावर त्याचा परिणाम होणार नाही. यादीच्या डोक्यावर छापल्यामुळे मात्र तो यादीचाच निकाल वाटतो. आलेख कुठे ठेवला आहे यावरूनसुद्धा वाचक निष्कर्ष काढतो, हे थिसिस लिहिताना विसरू नका.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: यादी अपुरी आहे. यात साधारणपणे स्टार्टअप फोल्डरमधले आणि रजिस्ट्रीच्या ‘रन’ नोंदींमधले प्रोग्रॅम दिसतात, शिवाय स्टोअरवरची काही ॲप्स. पण आपोआप सुरू व्हायचे आणखी रस्ते आहेत. ‘सर्व्हिसेस’ लॉगिनच्या आधीच सुरू होतात. ‘टास्क शेड्युलर’मध्ये ‘लॉगिन झालं की चालव’ अशी कामं लावता येतात. अनेक अपडेटर याच दोन वाटांनी येतात. म्हणून यादी रिकामी केली तरी मशिन रिकामं होत नाही. पूर्ण चित्र पाहायचं असेल तर ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी ते लिहिलं, आणि २००६ पासून त्यांची सिसइंटर्नल्स कंपनी मायक्रोसॉफ्टकडेच आहे. म्हणजे संपूर्ण यादी त्याच घरात तयार आहे, फक्त ती वेगळी डाउनलोड करावी लागते.

तुम्ही म्हणाल, एवढं खोलात कशाला? कारण आपल्यापैकी अनेकांचा डेटा या मशिनांवर तयार होतो. एखाद्या मानसशास्त्रीय प्रयोगात प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदांत मोजायचा असतो. कुणी दोन अल्गोरिदमच्या वेगाची तुलना करत असतं. कुणाचा पीसी उपकरणाकडून सेकंदाला शेकडो वाचनं घेत असतो. अशा वेळी मागे एखादं सिंक किंवा अपडेट सुरू झालं, तर वाचन उशिरा येऊ शकतं किंवा निसटू शकतं, आणि डेटाच्या फाइलमध्ये ‘इथे अपडेटर चालू झाला’ अशी नोंद कुठेच नसते. तो गोंगाट निसर्गाचा म्हणून तुमच्या आलेखात बसतो.

आता परवानगीचा प्रश्न. ही यादी ‘बंद करा’ म्हणते, ‘सुरू करू का?’ असं विचारत नाही. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांचा २००३ सालचा ‘सायन्स’मधला अवयवदानावरचा अभ्यास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. त्यांच्या ऑनलाइन प्रयोगात ‘तुम्ही दाते नाही, व्हायचं असेल तर सांगा’ असं म्हटल्यावर ४२ टक्के लोक दाते झाले. ‘तुम्ही दाते आहात, नको असेल तर सांगा’ म्हटल्यावर ८२ टक्के. आणि काहीच गृहीत न धरता सरळ विचारलं तेव्हा ७९ टक्के. माणसं तशीच, फक्त आधीची खूण बदलली.

या तिसऱ्या गटाकडे नीट पाहा. लोकांना खरंच काय हवंय हे कळायचं तर सरळ विचारावं लागतं. स्टार्टअपच्या बाबतीत तो तिसरा गटच बहुतेकदा नसतो. प्रोग्रॅम इन्स्टॉल करताना खूण आधीच केलेली असते किंवा प्रश्नच येत नाही. मग ‘आमचा प्रोग्रॅम रोज एवढ्या मशिनांवर चालतो’ हा आकडा लोकांची पसंती दाखवत नाही, त्यात आधीच केलेल्या खुणेचा वाटा किती हे त्यातून कळत नाही. अवयवदान ही समाजाच्या भल्याची गोष्ट आणि अपडेटर ही कंपनीच्या सोयीची, त्यामुळे दोन्ही एका तागडीत घालू नयेत हे खरं. पण खुणेचं काम दोन्हीकडे सारखंच चालतं.

आणि विचारणं विंडोजला जमत नाही असंही नाही. स्टोअरसाठी बनवलेल्या यूडब्ल्यूपी प्रकारच्या ॲप्सना आपोआप सुरू व्हायचं असेल तर वापरणाऱ्याला विचारावं लागतं, आणि त्याने टास्क मॅनेजरमधून बंद केलं तर ॲपला स्वतःहून परत चालू होता येत नाही. जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमना मात्र हा नियम नाही. ॲपलने २०२२ च्या व्हेंचुरापासून कुणी मागे चालायची नोंद केली की सूचना द्यायला सुरुवात केली. सूचना म्हणजे परवानगी नव्हे, पण निदान कळतं तरी. लिनक्समध्येही एकमत नाही: डेबियनवर सर्व्हिस इन्स्टॉल केली की ती सहसा लगेच सुरू होते, फेडोरावर सहसा तुम्ही सांगेपर्यंत थांबते. म्हणजे यात नैसर्गिक असं काही नाही. कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

तर मग करायचं काय? माझा क्रम असा आहे. आधी त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये ‘लॉगिनला सुरू करा’ ही खूण शोधून काढा, कारण बाहेरून बंद केलेलं काही प्रोग्रॅम अपडेटनंतर पुन्हा चालू करतात. मग टास्क मॅनेजर. त्यानंतरच ऑटोरन्स, आणि तिथे एकेकच खूण काढा, ‘डिलीट’ करू नका. अँटीव्हायरस, टचपॅड, आवाज, उपकरणाचा ड्रायव्हर, सॉफ्टवेअरच्या लायसन्सची सर्व्हिस यांना हात लावू नका. लॅबचा पीसी असेल तर तो सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारल्याशिवाय काहीच करू नका.

फरक पडला का, हे मोजायचं असेल तर ‘शट डाउन’ करून चालू करू नका, ‘रिस्टार्ट’ करा. विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन पूर्ण होत नाही. सिस्टिमचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो, आणि तुमची तुलना तिथेच बिघडते. बदलाच्या आधी पाच वेळा आणि नंतर पाच वेळा मोजा आणि मध्यक घ्या. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधल्या ‘डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स’ या लॉगमध्ये १०० क्रमांकाची नोंद मिळाली तर बूटचा वेळ मिलिसेकंदांत आयताच मिळतो. नाही मिळाली तर स्टॉपवॉच आहेच, फक्त ‘सुरू झालं’ म्हणजे नेमकं कधी, हे आधी लिहून ठेवा.

आणि काय बंद केलं, कोणत्या तारखेला, हे लॅबच्या वहीत लिहा. तापमान आणि नमुन्याचा क्रमांक जिथे लिहिता तिथेच, त्याच पानावर. सहा महिन्यांनी डेटामधली एखादी उडी समजून घ्यायची वेळ आली, तर त्या ओळीचा उपयोग होईल. हे करून पाहिलंत तर तुमच्या मशिनवरचे ते दोन लपलेले रकाने काय सांगतात, ते मला जरूर कळवा.